चुंबक पाषाण आणि आपला काळा दगड



वसंतातल्या या व्याख्यानांना येणारा श्रोता साहित्याचा, इतिहासाचा, झालेच तर राजकारणाचा विषय ऐकण्याच्या तयारीने येतो. त्याच्यापुढे एक संपूर्ण संध्याकाळ दगडावर बोलायचे म्हणजे त्याच्या सहनशीलतेची परीक्षाच. तरीही मी हा विषय घेतला, कारण यातला एक दगड आपल्या अंगणातला आहे, आणि त्याने दिलेली साक्ष ऐकून जगातल्या भूशास्त्रज्ञांना आपली मते पुन्हा तपासून पाहावी लागली.

इथे टेबलावर दोन दगड ठेवले आहेत. दोन्ही काळे, दोन्ही साधारण लिंबाएवढे. पहिला मी या टाचण्यांच्या डबीत बुडवून वर काढतो. पाहा, त्याला टाचण्यांची दाढी फुटली. आता दुसरा बुडवतो. एकही टाचणी लागली नाही. पहिला आहे चुंबक पाषाण. मनुष्याने न घडवता निसर्गात तयार सापडणारा हाच काय तो चुंबक. दुसरा आपल्या गावाबाहेरच्या खाणीतला साधा काळा दगड, ज्याची खडी तुडवीत आपण सर्व इथवर आलात. मौज अशी की हा दुसराही चुंबकच आहे. त्याचे बळ इतके थोडे की त्याला टाचणी उचलवत नाही, पण नाजूक उपकरणापुढे धरला तर तो आपली दिशा बिनचूक सांगतो. या दोघांना चुंबकत्व आले कोठून, हा आजचा प्रश्न. दोघांची उत्तरे वेगळी आहेत. एकाचे उत्तर आकाशात सापडते, दुसऱ्याचे जमिनीखाली.

चुंबक पाषाणाची ओळख आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुताने शरीरात रुतलेले शल्य काढण्याचे जे पंधरा उपाय सांगितले, त्यांत अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, हा एक आहे. पण तो सरसकट वापरावा असे सुश्रुत म्हणत नाही. बाणाचे टोक आत घट्ट अडकलेले नसावे, त्याला उलटे काटे नसावेत, ते सरळ बाहेर येण्याजोगे असावे आणि जखमेचे तोंड लहान नसावे, एवढ्या अटी तो घालतो. ज्याने नुसती ऐकीव गोष्ट लिहिली तो अटी घालीत नाही. म्हणून मला वाटते, हा प्रयोग कोणीतरी प्रत्यक्ष करून पाहिलेला असावा. पुढे रसशास्त्राच्या ग्रंथांत कांतलोहाचे पाच प्रकार आले: भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमक. लोखंडाला फिरवतो तो भ्रामक, चिकटून राहतो तो चुंबक, ओढतो तो कर्षक, वितळवतो तो द्रावक, आणि फोडला असता ज्याला केस फुटलेले दिसतात तो रोमक. वितळवण्याची गोष्ट आपण सोडून देऊ. पण हे केस म्हणजे ताज्या फुटलेल्या कडेला उभा राहिलेला दगडाचाच बारीक चुरा, याबद्दल मला फारशी शंका नाही. लोखंडाचा कीस चुंबकाच्या टोकाशी अगदी तसाच उभा राहतो. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त तर समुद्रात जाणाऱ्या नावेच्या तळफळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातले चुंबक पाषाण ती नाव ओढून घेतील, असा इशारा आहे. असले खडक कोणत्याही समुद्रात नाहीत. पण ही भीती अरबांपासून युरोपपर्यंत सगळ्यांना होती, तेव्हा त्यासाठी एकट्या भोजाला हसायला नको.

या सगळ्यांनी चुंबक पाषाण काय करतो ते सांगितले. तो तसा का होतो, हे कोणी सांगितले नाही. आणि इथे प्रथम एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. ओढले जाणे वेगळे आणि ओढणे वेगळे. ज्या खनिजाला मॅग्नेटाइट म्हणतात, ज्याच्या प्रत्येक घटकात लोखंडाचे तीन अणू आणि प्राणवायूचे चार असतात, ते पृथ्वीवर विपुल आहे. नदीच्या वाळूत मुलांनी चुंबक फिरवला की जी काळी भुकटी त्याला चिकटते तिच्यात मॅग्नेटाइट असते. कर्नाटकात कुद्रेमुख येथे डोंगरच्या डोंगर या खनिजाने भरलेले आहेत आणि २००५ सालापर्यंत तेथे खाण चालू होती. हे सगळे मॅग्नेटाइट चुंबकाकडे धावते, पण त्यातले बहुतेक स्वतः टाचणी उचलीत नाही. लाखात एखादा खडाच चुंबक पाषाण म्हणून निघतो. तेव्हा खनिज तेच असून एकाला चुंबकत्व टिकते आणि बाकीच्यांना टिकत नाही, याचे कारण शोधले पाहिजे.

त्यासाठी थोडे दगडाच्या पोटात शिरावे लागेल. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक इवलासा चुंबक आहे. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागतात, एकाचे तोंड वर तर दुसऱ्याचे खाली, आणि हिशेब शून्य होतो. लोखंडाच्या अणूत काही इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहतात. मॅग्नेटाइटमधल्या तीन लोहाणूंपैकी दोन एका जातीचे आणि एक दुसऱ्या जातीचा असतो. एका जातीचे ते दोघे समान बळाचे, पण समोरासमोरच्या रांगांत उलट तोंडे करून उभे. रस्सीखेचीत दोन्हीकडे सारखे गडी असावेत तसे. त्यांचे बळ एकमेकांत जिरते. उरतो तिसरा, आणि मॅग्नेटाइटचे जे काही चुंबकत्व आहे ते त्या तिसऱ्याचे. हा उलगडा फ्रान्सच्या लुई नेएल यांनी १९४८ साली केला आणि १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण मग मॅग्नेटाइटचा प्रत्येक खडा टाचण्या का उचलीत नाही? कारण त्याच्या आत पेठा असतात. एका पेठेतले सगळे इवले चुंबक एकमताने एका दिशेला तोंड करतात, शेजारच्या पेठेतले तितक्याच एकमताने दुसऱ्या दिशेला, आणि सगळ्या शहराची बेरीज शून्य. पुण्याच्या श्रोत्यांना हे अधिक फोडून सांगायची गरज नाही. असा खडा चुंबकाजवळ नेला की चुंबकाला अनुकूल असलेल्या पेठांच्या हद्दी वाढतात, प्रतिकूल पेठा आक्रसतात, आणि खडा ओढला जातो. चुंबक दूर केला की हद्दी पुन्हा पूर्ववत होतात. झालेला सगळा संस्कार तो विसरतो.

संस्कार टिकायचा तर या हद्दी अडकल्या पाहिजेत. चुंबक पाषाण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला म्हणजे त्यात निव्वळ मॅग्नेटाइट दिसत नाही. हवापाण्याने त्याचा काही भाग गंजून मॅग्हेमाइट नावाचे दुसरे खनिज झालेले असते आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. या गुंतागुंतीमुळे आत ताण पडतात. चिखलात बैलगाडीचे चाक अडकावे तशा पेठांच्या हद्दी त्या ताणांत अडकतात. एकदा सरकल्या की परत येत नाहीत. म्हणजे निर्मळ स्फटिक विसराळू असतो आणि थोडा बिघडलेला असतो तोच लक्षात ठेवतो. याहून दुसरीही एक युक्ती निसर्गाजवळ आहे. कण इतका लहान असावा की त्यात दुसऱ्या पेठेला जागाच नाही. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून बारीक मॅग्नेटाइटचा कण एकाच पेठेचा असतो. या कणांची गोष्ट पुढे येईल.

अडकवायची सोय झाली. पण हद्दी प्रथम सरकवायला जोर कोणी लावला?

विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली चुंबकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पृथ्वी हीच एक प्रचंड चुंबक आहे असे प्रतिपादन केले. चुंबक पाषाणाचा गोळा करून त्याने त्याला ‘छोटी पृथ्वी’ म्हटले आणि त्यावर सुई फिरवून पाहिली. लोहाराने तापलेली कांब दक्षिणोत्तर धरून ठोकली तर निवताना ती चुंबक बनते, हेही त्याने नोंदवले आहे. तेव्हा जमिनीत पडलेल्या दगडाला पृथ्वीनेच चुंबकत्व दिले असणार, ही कल्पना साहजिक होती आणि ती फार काळ टिकली.

आकडे पाहिले म्हणजे ती डळमळते. पुण्याजवळ पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.४३ गॉस आहे. कपाटाचे दार धरून ठेवणाऱ्या साध्या चुंबकाजवळ ते शेकडो गॉस असते. थंड मॅग्नेटाइट अर्ध्या गॉसात युगानुयुगे पडून राहिले तरी त्याला किरकोळ चुंबकत्व येईल; टाचण्यांची दाढी फुटणार नाही. शिवाय आणखी एक अडचण आहे. चुंबक पाषाण सापडतात ते खनिजाच्या साठ्याच्या पृष्ठभागाशी, उघड्यावर. खोल खाणीतून काढलेले मॅग्नेटाइट तसे निघत नाही. पृथ्वीचे क्षेत्र तर वर आणि खाली सारखेच. मग वरच्याच दगडावर कृपा का?

उघड्यावरच्या दगडावर असे काय पडते, जे खाणीत पोचत नाही? वीज.

हिशेब करून पाहू. साधारण विजेच्या लोळातून तीस हजार अँपिअर प्रवाह वाहतो असे धरा. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, हे शाळेत सर्वांनी शिकलेले आहे. अशा लोळापासून एक मीटरवर ते क्षेत्र ६० गॉस भरते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे १४० पट. दहा सेंटिमीटरवर ते ६०० गॉस होते. हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात होऊन जाते. पण हद्दी सरकायला तेवढा वेळ पुरतो, आणि अडकलेल्या हद्दी मग तशाच राहतात. वीज जिथे शिरली तिथला दगडाचा पापुद्रा वितळतो, पण चुंबकत्व येते ते त्या उष्णतेने नव्हे. आसपासचा थंड दगडच या क्षेत्राने चुंबक बनतो.

या तर्काच्या जवळपास लोक फार पूर्वीच आले होते. १७९६ साली हुम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाला बव्हेरियातल्या एका टेकडीवर होकायंत्र भलतीकडे वळते असे आढळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोकेल्स या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने तर उलटा व्यवहार केला. वीज पडलेल्या जागेजवळच्या बेसॉल्टमध्ये किती चुंबकत्व आले ते मोजून त्याने विजेचा प्रवाह काढला. ज्या काळी वीज मोजायला दुसरे यंत्र नव्हते, त्या काळी दगड हेच यंत्र झाले. पण चुंबक पाषाणाचा निकाल लागायला १९९९ साल उजाडले. वासिलेव्स्की आणि क्लेटेच्का या दोघांनी चुंबक पाषाणाचे नमुने आधी चुंबकत्व घालवून कोरे केले आणि अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या डोंगरावर, लँगम्यूर प्रयोगशाळेत, विजेच्या माऱ्याखाली ठेवले. वीज पडून गेल्यावर दगड पुन्हा चुंबक झालेले होते. गंजून तयार झालेले खनिज आणि त्यावर पडलेली वीज, असा हा दुर्मीळ योग आहे. सुश्रुताच्या हातातला अयस्कांत कोणा डोंगरमाथ्यावर कोणत्या वादळात घडला असेल, याची आता निदान कल्पना तरी करता येते.

आता आपल्या दुसऱ्या दगडाकडे वळू. याच्यावर वीज पडलेली नाही; तो खाणीच्या पोटातून आला आहे. पण जन्मतः तो आगीत होता.

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रसाचे लोट एकामागून एक बाहेर आले आणि पसरत गेले. आज उरलेला त्यांचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते त्या लोटांचे थर. हा रस अकराशे अंश सेंटिग्रेडच्या वर तापलेला होता. इतक्या उष्णतेत कोणताही दगड चुंबक असू शकत नाही, कारण अणूंची धडपड इतकी असते की ते एका दिशेला तोंड करून राहतच नाहीत. प्रत्येक चुंबकीय पदार्थाला एक ठरावीक तपमान असते, त्याच्या वर त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. पिएर क्यूरी यांनी १८९५ साली याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून त्याला क्यूरी तपमान म्हणतात. लोखंडाचे ते ७७० अंश, मॅग्नेटाइटचे सुमारे ५८० अंश.

रस थिजतो, दगड घट्ट होतो, तरी तो अजून ९०० अंशांवर असतो आणि त्याला चुंबकत्व नसते. निवता निवता तो ५८० अंशांच्या खाली येतो आणि त्यातले मॅग्नेटाइटचे बारीक कण चुंबक बनू लागतात. पण सुरुवातीला ते चंचल असतात. क्षणात एक दिशा, क्षणात दुसरी. अशा चंचल अवस्थेत पृथ्वीचे ते दुबळे क्षेत्रही त्यांना किंचित आपल्याकडे वळवू शकते. आणखी थोडा निवारा झाला की कण थिजतात. गुऱ्हाळात काहिलीतला पाक उलथण्याने हवा तसा हलवता येतो, पण साच्यात ओतून ढेप झाली की मग कितीही हलवा. नेएल यांनी १९४९ साली याचे गणित मांडले. तपमानातल्या थोड्या फरकाने एकाच कणाची स्मृती क्षणापासून कोट्यवधी वर्षांपर्यंत जाते, हा त्यातला चकित करणारा भाग. अर्ध्या गॉसाला थंड दगडावर जे जमत नाही, ते निवत्या दगडावर अशा रीतीने जमते. सगळे कण काही उत्तरेकडे पाहत नाहीत. निवडणुकीत थोड्या मतांनी उमेदवार निवडून यावा तसे उत्तरेचे थोडेसे मताधिक्य असते. म्हणून दगड टाचणी उचलीत नाही, पण निकाल मात्र कायम राहतो. आपल्या काळ्या दगडात आणखी एक सोय आहे. त्यातल्या मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम मिसळलेले असते. तो निवताना इल्मेनाइटच्या पातळ पट्ट्या वेगळ्या पडतात आणि मोठ्या कणाचे आपोआप लहान लहान कण होतात. लहान कण चांगले लक्षात ठेवतो, हे आपण मघाशी पाहिले.

ही स्मृती थोडीथोडकी नाही, याचा एक पुरावा आपल्या किनाऱ्यावर उभा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने होत होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ साली हे काम अलिबागला हलवले. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम मापने घेतली, की नोंदीचा धागा तुटू नये. अलिबागच्या इमारतीला लोखंडाचा खिळा लावला नाही, तांबे-पितळ वापरले. आणि दगड? सभोवती काळ्या दगडाची रास असताना तो आणला समुद्रमार्गे पोरबंदरहून. आपला दगड त्या कामाला नालायक, कारण तो स्वतःच चुंबक! ट्रामगाड्या १९६४ साली बंद झाल्या. अलिबागची मापने आजही चालू आहेत.

निवालेल्या लाव्हाला पृथ्वीच्या चुंबकाची दिशा लागते, हे इटलीतल्या मेलोनी यांनी १८५३ साली व्हेसूव्हियसच्या दगडांवर दाखवले होते. तोवर ही एक गमतीची माहिती होती. १९०६ साली फ्रान्समध्ये बर्नार ब्रून यांनी तिला वादाचा विषय केले. लाव्हाच्या थराखाली भाजून निघालेली माती त्यांनी तपासली, तर तिची दिशा नेमकी उलटी, म्हणजे उत्तरेचे टोक दक्षिणेकडे. वरच्या लाव्हाचीही तशीच. पुढे १९२९ साली जपानच्या मातुयामा यांनी अनेक ठिकाणचे उलटे दगड दाखवून म्हटले की पूर्वी पृथ्वीचा चुंबकच उलटा होता. पुष्कळांना हे पटेना. त्यांच्या बाजूनेही एक साक्षीदार मिळाला. जपानमध्येच हारुना पर्वतावरचा एक दगड असा निघाला की तो निवताना क्षेत्राच्या बरोबर विरुद्ध दिशा घेतो. १९५१ साली नागाता यांनी हे प्रयोगशाळेत करून दाखवले. म्हणजे दगड खोटी साक्षही देऊ शकतो! मग विश्वास कोणावर ठेवायचा? उत्तर ब्रून यांच्या मातीतच होते. लाव्हा आणि भाजलेली माती यांच्यातली खनिजे वेगळी. दोन परक्या साक्षीदारांनी एकाच वेळेची एकच हकीकत सांगितली तर ती खरी मानावी लागते. आपल्या घाटांत दोन काळ्या थरांच्या मध्ये गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. वरच्या लोटाने भाजलेली ती माती याच कामाची साक्षीदार आहे. हारुनाचा दगड अपवाद ठरला. पृथ्वीचा चुंबक अनेकदा उलटला आहे, आणि शेवटचा पालट सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वीचा.

आता हिंदुस्थानकडे येऊ. ही गोष्ट सोन्यापासून सुरू होते. इंग्लंडचे पी. एम. एस. ब्लॅकेट यांना असे वाटत होते की कोणतीही फिरणारी वस्तू केवळ फिरण्यानेच चुंबक बनते आणि पृथ्वीचे चुंबकत्व त्यातूनच येते. तपासण्यासाठी त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून पंधरा किलो शुद्ध सोन्याचा गोल ठोकळा उसना घेतला आणि त्याचे चुंबकत्व मोजता यावे म्हणून विलक्षण नाजूक उपकरण बनवले. सोन्यात चुंबकत्व सापडले नाही. १९५२ साली त्यांनी ‘नकारार्थी प्रयोग’ असे मथळ्यातच कबूल करून तो निबंध छापला. सोने परत गेले, उपकरण उरले. त्यावर मोजायला मग दगड आणले गेले.

दगडांत हिंदुस्थानचे महत्त्व विशेष होते. वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ पासून खंडे सरकतात असे मांडले होते आणि बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याची थट्टा केली होती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सर्वांत लांबचा प्रवास हिंदुस्थानच्या वाट्याला आला होता. तेव्हा वेगेनर खरा की खोटा, हे ठरवायला आपल्या दगडासारखा दुसरा साक्षीदार नव्हता. आणि दगड दिशेबरोबर अक्षांशही सांगतो. टांगलेली चुंबकसुई नुसती उत्तरेकडे वळत नाही, खालीवरही झुकते. पुण्यात तिचे उत्तर टोक सुमारे २६ अंश खाली झुकते. ध्रुवाकडे जावे तसा झुकाव वाढतो, विषुववृत्ताजवळ सुई आडवी राहते, आणि दक्षिण गोलार्धात उत्तर टोक आकाशाकडे उचलले जाते. दगडाने हा झुकाव जन्मवेळी टिपलेला असतो.

१९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी हिंदुस्थानातल्या खडकांवरचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या थरांचे सविस्तर काम करून ते १९५९ साली मांडले. दगडांनी काय सांगितले? महाबळेश्वरकडच्या वरच्या थरांत उत्तर टोक वायव्येकडे आणि वर, आकाशाकडे, सुमारे ४५ अंश. खालच्या बहुतेक थरांत नेमके उलट, आग्नेयेकडे आणि खाली. म्हणजे ते पृथ्वीचा चुंबक उलटा असतानाचे. दोन्हींचा अर्थ एकच. ही जमीन त्या वेळी दक्षिण गोलार्धात, २५ ते ३० अक्षांशांच्या दरम्यान होती. आज पुणे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. मधले अंतर जवळजवळ पाच हजार किलोमीटर. सहा कोटी साठ लाख वर्षांत ते कापायचे तर वर्षाला सरासरी सात-आठ सेंटिमीटर पडतात. शिवाय उत्तर आणि वायव्य यांतला फरक सांगतो की वाटेत ही भूमी थोडी वळलीसुद्धा.

जमीन न हलता ध्रुवच हलला असेल, असा आक्षेप निघाला. पण मग युरोपच्या आणि हिंदुस्थानच्या दगडांनी एकाच काळी एकच ध्रुव दाखवायला हवा होता. तसे झाले नाही. पुढे १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्राच्या तळावरचे सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे ओळखले आणि दहा वर्षांच्या आत थट्टा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मत बदलले. वेगेनर ते पाहायला नव्हता. तो १९३० सालीच ग्रीनलंडच्या बर्फात गेला. आपल्या थरांत उलटापालट इतकी थोडी आहे, यावरूनच १९८६ साली कूर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की लाव्हाचा मुख्य भाग भूगर्भाच्या मानाने फार थोड्या काळात ओतला गेला असावा. दगडाची ही जबानी अजून चालू आहे असे म्हणायला हरकत नाही.

मात्र ती घेणे सोपे नसते. दगड जागेवरून हलवला की त्याची साक्ष फुकट गेली. आपल्या जुन्या वाड्यांच्या जोत्यांत, देवळांच्या भिंतींत लाखो चिरे आहेत, आणि प्रत्येकात ती दिशा शाबूत आहे. पण पाथरवटाने चिरा घडवताना तो मूळच्या कातळात कसा पडला होता ते लिहून ठेवले नाही. खडी झालेल्या टेकडीची तर गोष्टच सोडा. म्हणून संशोधक कड्यालाच यंत्राने बोटाएवढे भोक पाडतात, दांडा सुटण्यापूर्वी त्यावर खूण करतात आणि मग तो काढतात.

दुसरी अडचण विजेची. ज्या विजेने चुंबक पाषाण घडवला, तीच काळ्या दगडाची शत्रू आहे. डोंगरमाथ्यावर, गडांच्या बालेकिल्ल्यांवर कोट्यवधी वर्षांची मंद स्मृती एका लोळासरशी पुसली जाते आणि तिच्या जागी विजेची, प्रवाहाभोवती गोल फिरणारी, जोरदार खूण उमटते. अशा कातळावर होकायंत्र ठेवले तर चार पावलांत सुई चार दिशा दाखवते. म्हणून नमुने माथ्यावरचे न घेता घाटरस्त्याच्या आणि आगगाडीच्या कापणीतून, खाणीतून घेतात. एवढे करूनही प्रयोगशाळेत तो दगड ‘धुवावा’ लागतो. बाहेरचे क्षेत्र शून्य करून त्याला पायरीपायरीने तापवतात, किंवा उलटसुलट बदलणाऱ्या क्षेत्रात ठेवून ते क्षेत्र हळूहळू कमी करीत नेतात. नंतर लागलेले उथळ संस्कार अशाने आधी गळून पडतात आणि जन्मवेळचा टणक संस्कार शेवटी उरतो. तो मोजायचा.

आणि खूण करायला उत्तर दिशा तर ठाऊक हवी. ज्या खडकाच्या चुंबकत्वाचा तपास करायचा, त्याच्यावरच होकायंत्र ठेवून उत्तर विचारणे म्हणजे आरोपीलाच पंच नेमणे. म्हणून दख्खनच्या कातळावर काम करणारा माणूस नुसत्या होकायंत्रावर विसंबत नाही. तो दगडावर एक काडी उभी करतो, तिच्या सावलीची दिशा टिपतो, घड्याळात वेळ पाहतो आणि सूर्याच्या स्थानावरून उत्तर काढतो. आपल्या सूर्यसिद्धांतात शंकूच्या सावलीने दिशा साधण्याची जी रीत दिली आहे, तिच्याच जातीचे हे काम आहे.